ओला, सुका, घातक

आज सकाळी पुन्हा
लेसची गाठ सुटेना,
आणि बूट गेला थेट जिन्यावरून खाली,
पिपाडा आंटींनी ओट्यावर नुकत्याच मांडलेल्या पापडांवर.

मी वरच्या पायरीवर.
तोंडात सगळं तयार होतं:
किती वेळा सांगायचं, लाज कशी नाही, थांब, बघतोच –
माझ्या वडिलांच्या आवाजात, जसंच्या तसं,
पस्तीस वर्षं फडक्यात बांधून ठेवल्यासारखं.
गिळलं.
खरं सांगायचं तर अर्धंच.

मृणू नऊ वर्षांची आहे.
इतरांना राग येताना दिसतो, गल्लीच्या टोकापासून.
हिला तो एकदम उंबऱ्यातच भेटतो,
आणि तोवर काहीतरी फुटलेलं असतं.
डॉक्टरांनी त्याला चार अक्षरांचं नाव दिलं.
शाळेच्या डायरीत त्याचीच बाकीची नावं, लाल शाईत:
जागेवर बसत नाही. उत्तर येत असूनही पेपर फाडला.
आम्ही फ्रिजवर तक्ता लावला होता,
राग आला की दहा श्वास मोजायचे.
तिसऱ्या दिवशी तिनं तो तक्ताच फाडला,
एकेक तुकडा मोजत,
बरोबर दहा.

पण इंदूरची कचरागाडी लोकमान्य नगरात वळली,
तिचं गाणं ऐकू आलं
की मृणूला उशीर होत नाही.
किशोर भिया तिला कप्पे उघडून देतात.
केळीची सालं, दुधाची पिशवी, मेलेला सेल –
तिचा हात कुठेच अडखळत नाही.

एकदा रात्री, भूगोलाची वही भिंतीवर आपटून झाल्यावर,
टेबलाखालून आवाज आला,
"बाबा, हा ओला होता."
ओला म्हणजे?
"आजच टाकायचा. नाहीतर वास येतो."
आणि सुका?
"तो पडून राहिला तरी चालतो."
बराच वेळ काही नाही. मग,
"घातक पण असतो. तो आपण नाही उचलायचा.
त्याला मोठं माणूस लागतं."

तेव्हापासून मी प्रश्न विचारत नाही.
लांब बसतो, जमिनीवर, बोटांकडे बघत.
एक बोट: गच्चीवर जाऊन ओली चादर पिळायची, दोघांनी, दोन टोकांनी.
दोन: रद्दीचा गठ्ठा, फाड हवा तेवढा.
तीन बोटं म्हणजे
मी जायचं आणि पाठीला पाठ लावून बसायचं,
बोलायचं नाही.

नेहमी जमतं असं नाही.
मंगळवारी पोह्यांच्या दुकानात
जिरावण जास्त पडलं, एवढंच,
आणि प्लेट उडाली.
"एक लगाओ, सीधी हो जाएगी," कुणीतरी म्हणालं, जिलेबी मोडत.
माझा हात वर गेलेला होता.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
हाताकडे बघत होती.
आता तो कुठे ठेवावा कळेना,
म्हणून खाली वाकून फरशीवर ठेवला
आणि शेव वेचायला लागलो.
खूप वेळानं
शेजारी दुसरी, लहान बोटं दिसली,
पिवळी, पोह्यांनी चिकट.

तर आजचा बूट.
आंटी म्हणाल्या, "रहने दो भिया, तळताना मोडणारच होते."
मी तो घेऊन वर आलो, चिखल नाही, नुसतं उडदाचं पीठ.
मृणू पायरीवर, एक पाय उघडा.
माझा चेहरा तिनं नीट पाहिला,
डायरीतला शेरा वाचावा तसा.
"बाबा, तुझा कुठला?"

उशीर होत होता. ऑफिसात नऊला मीटिंग.
मी तीन बोटं वर केली.

ती उठली, माझ्यामागे येऊन बसली,
तिच्या पाठीचे मणके माझ्या शर्टाला टोचले.
खाली गाडीचं गाणं आलं,
थोडं थांबलं,
आणि पुढच्या गल्लीत गेलं.
आजचा कचरा
घरातच राहिला.