मोजता येत नाहीत

कुकर उचलला, इतकंच.
वाफ केव्हाच गेली होती,
आत एकटीपुरती डाळ.
मनगटातून आवाज आला
वाळक्या शेंगेसारखा.

मशीनखाली निजले तेव्हा पडद्यावर माझा कणा दिसला,
करडा, ठिकठिकाणी उसवलेला,
जुन्या मच्छरदाणीसारखा.
उणे तीन पूर्णांक दोन.
डॉक्टर नेहल म्हणाली, "शिर्केबेन, आख्खी नोकरी डेअरीत ना तुमची?"
वाईट हेतूनं नाही विचारलं तिनं.
मीच हसले. हसतानाही जपून.

एकतीस वर्षं.
पहाटे साडेचारला टँकर यायचे,
पादऱ्याकडून, डभोईकडून,
आणि मी थेंबभर दूध काचेच्या बशीत टाकून
दोन दिवस वाट बघायची
कोण उगवतं त्याची.
पांढरे ठिपके, पिवळसर ठिपके,
पेनाच्या टोकानं एकेक टिपायचे.
तीनशेच्या वर गेले की हात थांबवून
वहीत लिहायचं: मोजता येत नाहीत.
म्हणजे टँकर परत.
जंतू हा शत्रू, यावरच माझा पगार निघायचा.
लोक मला हाडाची केमिस्ट म्हणायचे.

नेहल कागदावर आतडं काढते,
जिलेबीवाल्यासारखी, हात न उचलता.
"इथं जे राहतात ना,
ते तुमचा कोंडा, सालं, देठ खातात
आणि त्याचं जे आंबट करतात
ते रक्तातून हाडापर्यंत निरोप नेतं:
कुरतडणाऱ्यांनो, जरा दमानं."
हाडातही असतात म्हणे दोन टोळ्या,
एक पाडणारी, एक बांधणारी.
माझी पाळी गेली तेव्हापासून
पाडणाऱ्यांची पाळी संपतच नाही.

"पण हे उंदरांत जास्त दिसलंय," ती म्हणाली,
"माणसांत अजून चाचपणी चाललीय.
आठवड्याची गोळी सोडायची नाही.
उपाशीपोटी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही."
आवडली मला ती.
खात्री नव्हती तिथं नाही म्हणाली.

मी एकदा म्हणाले नव्हते.
साहेबानं वही पुढं केली, मी खोडलं,
आणि वर लिहिलं दोनशे ऐंशी.
कुणाला काही झालं नाही. निदान कळलं नाही.
इतकी वर्षं ते पोटात ठेवलं.
तिथं एवढी गर्दी आहे हे ठाऊक असतं
तर तिथं ठेवलं नसतं.

पुराच्या वर्षी विश्वामित्री जिन्यापर्यंत आली.
मागून ताप, मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स.
पाणी ओसरलं तशी मीही धुऊन निघाले असेन आतून,
चिखलासकट, वस्तीसकट.
घरातलं दहीही तेव्हाच मोडलं.
नंतर पिशवीतलं आणत राहिले, बेचव.

काल भानुमतीबेन वाटी घेऊन आली,
काठावर तिच्या सासऱ्यांचं नाव कोरलेली.
आम्ही ज्याला विरजण म्हणतो, ती मेळवण म्हणते.
आमच्याकडे ते माणसाच्या उत्साहावर पडतं,
तिच्याकडे निदान मिळवतं तरी.
"हे तुझंच," ती म्हणाली,
"दीपूच्या बारशाला नेलेलं. रोज लावते."
दीपू आता कॉलेजात आहे.

मला ठाऊक आहे,
दह्यातले आतड्यात घर करत नाहीत,
पाहुण्यासारखे येतात, जेवतात, जातात.
एका वाटीनं कणा उभा राहत नाही.
वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी
दीड इंच लांब गेलीय, ती लांबच राहणार.
ती मी भानुमतीबेनला काढून मागितली.

रात्री डाव्या हाताच्या करंगळीनं
दूध पाहिलं. थर्मामीटर कपाटात होता.
चमचाभर तिचं, म्हणजे माझं,
घातलं, झाकलं,
आणि प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून निजले.

सकाळी वाटी तिरपी केली.
हललं नाही.