नूतनीकरण

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुलथ्यांचा फोन येतो.
आधी द्राक्षांची चौकशी.
माझा मळा नाही हे त्यांना ठाऊक आहे,
पण नाशकात बोलणं कुठून तरी सुरू करावं लागतं.
मग म्हणतात, ताई, यंदा हप्ता जरा वाढलाय.

जरा म्हणजे अकरा हजार चारशे.
मागच्या साली किंचित होता,
त्याच्या आधी थोडासा.

टिटवीची किंमत ते दरवर्षी कमी धरतात
आणि हप्ता जास्त.
हे कसं, विचारलं.
म्हणाले, दोन्हीचे तक्ते वेगळे असतात.

नऊ वर्षांत दावा एकही नाही.
पण कुठल्या तरी लांबच्या धरणात
कुणाची तरी बोट उलटली
आणि ते पाणी फिरत फिरत माझ्या कागदात शिरलं.
बुडालेल्यांची नावंही मला माहीत नाहीत.
त्यांच्यावर चिडता येत नाही.

अर्जात एकदा चुकून छापलं होतं : बोटांची संख्या.
मी दहा लिहिलं.
कुणी परत पाठवला नाही.

यंदा पाहणीला माणूस आला, गायधनी नावाचा,
सावरगावला वाट चुकून, उन्हानं लाल झालेला.
गंगापूर धरणात एकतीस टक्के पाणी.
काठ इतका मागे सरकलेला की
बोटीपर्यंत जाता जाता त्यांचे बूट गाळानं भरले.
त्यांनी गाळाचाही फोटो काढला.

जाकिटं किती?
बारा. एकेक उलगडून दाखवलं.
सातव्याचं बक्कल तुटकं निघालं, ते लिहिलं.
माणसं पिऊन बसतात का?
समोरच्या टेकडीवरची वायनरी
आम्हां दोघांनाही दिसत होती.
म्हटलं, आधी वास घेते, मग तिकीट फाडते.
"नियंत्रण समाधानकारक," त्यांनी लिहिलं.

मग डाव्या कुशीवरून हात फिरवताना थांबले.

तिथं ठिगळ आहे.
चार उन्हाळ्यांपूर्वी, पाणी असंच उतरलेलं,
खाली गेलेल्या कुणाच्या तरी बांधावरचं
बाभळीचं बुडखं घुसलं होतं आत.
दावा केला नाही.
केला असता तर हप्ता वाढला असता.
अंबडहून रेझिन आणलं, काचेचं कापड आणलं.
एकोणीस वर्षं सातपूरच्या कंपनीत कॉइली गुंडाळल्या,
कंपनी बंद झाली तेव्हाच्या पैशांतून ही टिटवी घेतली.
थरावर थर कसा बसवायचा
ते हातांना विचारावं लागत नाही.

गायधनींनी पेरानं ठोकलं,
कलिंगड घेताना ठोकतात तसं,
आणि कान लावला.
हे कुणी केलं?
मी.
पुन्हा ठोकलं.
मग बराच वेळ काही तरी लिहीत होते.
काय, ते मला दिसलं नाही.

चार दिवसांनी कुलथे शरणपूर रोडच्या हपिसात
पंख्याखाली कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
नुकसानीचे पहिले पंचवीस हजार तुमचे, हे मान्य केलं तर इतकं सुटतं.
पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर, असं लिहून दिलं तर आणखी.
प्रवाशांचं काही कमी करता येईल का, त्यांनीच काढलं.
नाही म्हटलं.
एवढं झटकन म्हटलं की
शेजारच्या टेबलावरचा मुलगा वळून बघायला लागला.

वाढ सहा हजारांवर आली. सही केली.

"जून ते सप्टेंबर : जलयान कोरड्यावर, उपडे."
खोटं काही नाही त्यात.
तशीच असते ती, करवंदीच्या जाळीपाशी, चार विटांवर.
फक्त गेल्या साली सप्टेंबरच्या शेवटी
तिच्याखाली एक कुत्री व्याली.
पाच पिल्लं, डोळे मिटलेली.
पाणी काठोकाठ, गिऱ्हाईक फोनवर,
आणि मी टिटवी आठ दिवस उशिरा उलथली.

त्या आठ दिवसांचा हप्ता भरलेला होता.