होरी

पाचवी ब. निकेत मढवीच्या वहीत
मी 'होरी'भोवती लाल गोल काढला होता,
समासात शेरा : होडी. दहा वेळा लिही.
त्यानं लिहिलं. दहाही वेळा होरी.
"बाई, आमचे घरान होरीच हाय."

काल घणसोलीत, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
कुणाच्यातरी हळदीचा मांडव
आणि स्पीकरवर तोच आवाज, आता जाड झालेला,
बीटच्या अर्धं पाऊल मागून येणारा,
गुडघाभर चिखलातून यावा तसा :

बापसाची होरी, तिची तुटली दोरी
खारी कोनी बुजवली, न आमचेवं चोरी

सवयीनं मनात दुरुस्त केलं, होडी.
यमक तिथल्या तिथं बुडालं.

आमच्या सोसायटीतला श्रीवत्स, घरी तेलुगू बोलणारा,
खाडी फक्त अकराव्या मजल्यावरून पाहिलेला,
मांडवाच्या कडेला मान हलवत
अचूक म्हणत होता : खारी.
त्याला कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.

घरी आले. दिवा न लावता
तो शब्द म्हणून पाहिला.
जीभ आपोआप टाळूकडे वळते,
तिला दातांमागे थोपवावं लागतं.
दहा वेळा म्हटला.
सहाव्यापर्यंत होडीच येत होती.