तक्रार खिडकी, कोपरखैरणे

स्पर्शजाल आलं तेव्हा सेक्टर पंधराच्या नाक्यावर
चिमटे फुकट वाटले होते, एकावर एक.
आता मी खिडकीत बसते
आणि लोक आपापलं अंग घेऊन येतात.

सुखटणकर बाईंनी पाठीची खाज
कळव्याच्या बहिणीला पाठवली.
तीच एक नीट खाजवते, लहानपणापासून.
पत्त्यात एक आकडा चुकला.
कुठल्याशा सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदार उठला
आणि दाराच्या चौकटीला पाठ घासत घासत
त्याने अख्खा ताळेबंद वाचला.
प्रथमच एकमताने मंजूर झाला.

ऐरोलीच्या एका पोराची शिंक
येता येता ऐंशी टक्क्यांवर अडकली.
तीन दिवस तोंड वासून बसलाय.
आई म्हणते, असू दे,
निदान दुधी तरी जातोय आत.

दिघ्याहून मारलेली थप्पड
घणसोलीत पोचली अकरा दिवसांनी.
तोवर भांडण मिटून साखरपुडा निघाला होता.
फोटोत नवरदेवाचा एकच गाल लाल,
फोटोवाला म्हणतो, दुसरी मागवा.

मी शिक्का मारते:
नेटवर्क. नेटवर्क. नेटवर्क.

काल तात्याबा शेडगे आले.
कांदा-बटाटा बाजारात छत्तीस वर्षं माथाडी,
मार्चात निवृत्त.
मानेवर हात ठेवून म्हणाले,
"बाई, हितं काहीच नाही आता.
रातीला पडलो की वाटतं
पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाईन.
जावई हाय बाजारात, रातपाळीला.
त्याच्या मानेवरचं एक पोतं
झोपायच्या वक्ताला इकडं धाडता यील का?
त्यालाबी तेवढंच हलकं."

यादीत गुदगुल्या होत्या, चटके, मुंग्या,
साबुदाणा वड्याने पोळलेली टाळूसुद्धा होती
(एकादशीला सवलतीत).
वजन नव्हतं.
मी यादी बराच वेळ खालीवर केली.
मग 'मिठी' दाबली
आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, पन्नास किलो.
यंत्राने विचारलं, खात्री आहे?
तात्याबांनी अंगठा लावला.

आज खिडकी उघडायच्या आधीच हजर.
चेहरा झोपून ताजा, मान किंचित तिरकी.
"लागली का झोप?"
"लागली की. पण तक्रार लिवून घ्या.
मी कांदा सांगितला हुता.
तुम्ही बटाटा धाडला."