चार बोटं घसरण

कोल्हापूरच्या मैदानात मटकी उतरत्या फळीवरून घसरली
तेव्हा सगळे म्हणाले, घाबरट आहे.
मीही म्हणाले. तिच्यादेखत.

पिवळा ऑइलपेंट मारलेली फळी,
वर सकाळचं दव,
आणि बाजूने माझा आवाज : चल, चल, चल.
मागचे पाय आधी गेले,
मग पोट, मग हनुवटी.
उठून तिनं माझ्याकडे पाहिलं
जणू तिनंच माझं काही सांडलं होतं.

सांगलीत परतल्यावर
कोल्ड स्टोरेजमागच्या रिकाम्या प्लॉटात
ती बोगद्यातून सुसाट निघायची,
काठ्यांमधून सुईदोऱ्यासारखी वळायची
(आई कारवानी, बाप कोण ते गल्लीला ठाऊक),
पण फळी आली की थांबायची.
एक पंजा ठेवून चाचपायची,
पावसाळ्यात ट्रकच्या ओल्या फळीवर
हळदीचं पोतं घेऊन उभा हमाल चाचपतो, तशी.
यार्डात रोज वजनाच्या पावत्या फाडते मी.
त्या हमालाला कधी कुणी घाबरट म्हटलेलं
ऐकलं नाही.

उडीसाठी जुना टायर मागायला
मिरज रस्त्यावर दस्तगीर नदाफांच्या दुकानात गेले.
चाचांनी टायर दिलाच नाही आधी.
खाली बसले, मटकीचा पंजा उचलला,
चष्मा कपाळावर सारून
उलटा करून पाहिला, ट्रकचा टायर बघतात तसा.
"गोटा झालेला नाही," म्हणाले,
"नक्षी चांगली आहे. पण खाचांत गवत उगवलंय."

बोटांमधले केस.
गादीवर आलेले, रेशमी, मी लाडाने कुरवाळलेले.
मी भुवयांची कात्री आणली.
तिनं पंजा मागे ओढला, मी थांबले,
शेंगदाणा दिला, पुन्हा धरला.
चार पाय, चार संध्याकाळी.
नखंही वाढली होती :
घरातल्या फरशीवर ती चालली की टकटक वाजायचं,
मला वाटायचं, किती ऐटीत चालते.
ती बिचारी टाचांवर तोल सावरत होती.

मग फळी.
चाचांनी झिजल्या टायरांचा कीस दिला, गोणीभर.
सोल्यूशन लावलं, कीस पेरला,
दोन दिवस उन्हात ठेवली.
मटकी चढली, आणि काय चढली!
उतरताना तर खिळल्यासारखी.
संध्याकाळी अंथरुणावर लाल ठिपके.
दोन गाद्या सोलवटलेल्या.

त्या रात्री मी तिच्याशी बोललेच नाही,
म्हणजे काय बोलणार?
नमुन्याच्या पुडीतली राजापुरी हळद खोबरेलात कालवली,
चाटू नये म्हणून
माझा पायमोजा चढवला तिला.
तो तिनं पहाटेपर्यंत खाल्ला.

चाचा म्हणाले, "धरायचं, बाई, पण सोडायचंही.
ब्रेक लागला आणि चाक फिरलंच नाही, तर रबर जळतं."
पिठाच्या चाळणीनं कीस चाळला.
(आईला अजून सांगितलेलं नाही कुठल्या चाळणीनं.)
बारीक तेवढा घेतला, पातळ थर.
आधी माझी पावलं अनवाणी चालवली त्यावर,
मग तिची. पंधरा दिवसांनी. सावकाश.
फळी जमिनीवर आडवी, मग एका विटेवर, मग दोन.
दोन विटांवर आठवडा गेला.

काल तिनं स्वतःहून वळण घेतलं.
मी हाक मारलीच नव्हती;
मी पाण्याची बाटली उघडत होते.
वर, माथा, खाली,
आणि फळी संपते तिथं मातीत डावीकडे कचकन,
मागचे पाय जरा सरकले, बसले, निघाले.

चाचा दुकान उघडं टाकून बघायला आले होते.
टाळी वाजवली नाही.
गुडघ्यावर बसले, मातीतल्या ओरखड्याशी पंजा लावून मोजलं,
अपघातानंतर रस्त्यावर मोजतात तसं,
फक्त हसत.

"चार बोटं," म्हणाले.
"पहिल्या दिवशी हातभर होती."

मटकी तोवर फळीच्या टोकाशी परत उभी,
जीभ बाहेर,
माझा चेहरा बघत नव्हती.
फळी बघत होती.