दोन रुपये पान

अर्जुनीच्या तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
मशीन गोंदियाहून आणलेलं, सेकंडहॅण्ड,
ड्रमवर एक ओरखडा,
म्हणून प्रत्येक कागदावर वरून खाली
एक बारीक रेघ उठते.
मेकॅनिक म्हणतो, ड्रमच बदला, ताई.
ड्रमच्या पैशात शेळी येते.

सारसवाला साहेब मोटरसायकलवर येतो.
नाव योरिस, गाव हॉलंडमधलं कुठलंसं,
दोन वर्षं झाली, धानाच्या बांध्यांतून सारस मोजतो.
मी खुर्ची पुसते. पंखा त्याच्याकडे वळवते.
समोरच्या टपरीवरून चहा येतो, न सांगता.
व्हिसाची प्रत काढली तर
रेघ नेमकी नाकावरून गेली.
तो हसला. म्हणाला, "छान. आता मी दोन देशांत."
दहाची नोट ठेवली, सुटे घेतले नाहीत.
रेघेसकट कागद मंजूर झाला.
वर साहेबांनी सारसाचे फोटो बघत
त्याला अर्धा तास बसवून घेतलं,
शिपाई सांगत होता.

छेवांग कॅम्पातली.
घरांवर स्लॅब पडून तीस वर्षं झाली,
तरी आम्ही कॅम्पच म्हणतो.
तिची आजी इथल्या पहिल्या उन्हाळ्यात
ओलं पोतं पांघरून खाटेखाली निजायची म्हणे.
छेवांग मंडईतल्या नाटकाची तिकिटं सगळ्यांआधी काढते
आणि रागावली की माझ्याहून अस्सल बोलते,
"काहून जी? इथंच जन्मली ना मी? मंग?"
तिच्या नोंदणीच्या पुस्तकात
जन्मगावाच्या रकान्यात आमचाच तालुका,
आणि त्याखालच्या रकान्यात
ती कधी न गेलेला देश.
तिची प्रत परत आली.
चेहरा स्पष्ट नाही म्हणे.
रेघ गालावरून गेली होती,
नाकावरून नाही.

बिनोदिनी हालदार अरुणनगरची.
मासळीची टोपली ती पायरीखालीच ठेवते,
मी कधी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असेन. एकदा, पहिल्या वर्षी.
नातवाच्या दाखल्यासाठी तिच्याजवळ सासऱ्याची चिठ्ठी,
चौसष्ट सालची, सरहद्दीवर मिळालेली,
घड्यांवर फाटून तिचे आता चार तुकडे,
पानाच्या डब्यात जपलेले.
मी आधी पंखा बंद करते.
काचेवर तुकडे जुळवते,
झाकण हळू, फार हळू टाकते.
चुन्याचा वास दिवसभर मशीनला.
साठ वर्षं इथलं धान, इथल्या बोडीचं पाणी,
आणि धुऱ्यावरून भांडण झालं की
कुणीही सहज म्हणून जातं, जा तुमच्या देशात.
सारसवाल्या साहेबाला असं कुणी म्हणत नाही.
त्याला विचारतात, परत कधी येणार?

मे लागला की तो जातो.
सारस जात नाहीत, त्यानंच सांगितलेलं.
हा पक्षी आपला इथंच,
तळं आटलं तरी आसपास कुठंतरी.
मी विचारलं, मग मोजायचं काय त्यात?
तो म्हणाला, किती उरले ते.

काल रात्री मोबाईलवर हेमराजचा फोटो आला.
माझा धाकटा भाऊ, दोहात असतो.
आईच्या बँकेत द्यायला
त्याच्या तिकडच्या ओळखपत्राची प्रत हवी,
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे, चावी साहेबाकडे.
प्रिंट काढली.
रेघ डाव्या डोळ्यावरून.
फोटोखाली अरबीत काहीतरी एकच शब्द,
मला वाचता येईना.
मी लिहिलं, काय म्हणतात रे तुला तिथं?
त्याचं 'टायपिंग' बराच वेळ दिसत राहिलं,
थांबलं,
पुन्हा दिसलं.
मग नुसतं आलं,
"जेवली का?"