लाल तारखा विजेच्या

कोपरावर गुंडाळायची नाही.
हे पहिलं.
मी सात वर्षांची, वायर वीस फुटी, काळाचौकीच्या खोलीत
तिचं एक टोक मोरीपाशी, दुसरं दाराबाहेर गॅलरीत.
"कोपरावर सुतळी गुंडाळतात वाणी लोक," बाबा म्हणायचे,
"हिच्या पोटात तांबं आहे. तांबं पीळ विसरत नाही."

एक वेढा सरळ.
पुढचा, मनगट आत वळवून, उलटा.
परत सरळ.
असं केलं की टोक धरून नुसती फेकायची,
स्टेजच्या या विंगेतून त्या विंगेपर्यंत
एक गाठ न पडता
जाते.

पलंगाखाली तीन खोकी.
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचे आकडे कापून
बाबांनी प्रत्येक टोकाला चिकटवलेले, वरून पारदर्शक टेप.
लाल तारखा विजेच्या.
काळ्या आवाजाच्या.
दोघींना शेजारी शेजारी पळू द्यायचं नाही,
ओलांडायचंच तर काटकोनात,
नाहीतर धुरींच्या ऑर्केस्ट्रात अख्खी रात्र
निवेदकाच्या मागे स्पीकर गुणगुणणार.
"माशी शिरली," म्हणत बाबा
इस्त्रीच्या पँटनं गुडघ्यावर बसायचे, शोधायचे.

सतराच्या खाली अजून बारीक अक्षरात दिसतं :
संकष्टी, चंद्रोदय ९.१२.
ती कीबोर्डची डावी.
उजवी चार नंबर. तिच्यावर निळ्या पेनाची फुली,
दुधाचा खाडा,
आईच्या हातचा.

बांधायचे पट्टे माझ्या तिसरीतल्या बुटांचे.
पाय वाढले, बूट गेले,
पट्टे उघडताना अजून तसाच आवाज,
शाळेच्या दारात वाकल्यासारखा.

आता वाजवते मी. खारच्या एका कॅफेत, शुक्रवारी,
लोक काटे-चमचे खाली न ठेवता ऐकतात.
बाबा मागच्या खुर्चीत. डावा कान गेलाय,
म्हणून भिंतीला डावा खांदा लावून बसतात.
कार्यक्रम संपला, कॅफेतला पोरगा, तनिष,
वायर उचलून अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
आणि माझ्या तोंडून निघालं,
"ए, सुतळी आहे का ती?"
मीच दचकले.
बाबा लांबून बघत होते, हसले नाहीत.

मी म्हणाले, पुढच्या महिन्यात वायरलेस घेतेय.
त्यांनी किंमत विचारली.
मग विचारलं, बॅटरी किती तास.
मग बराच वेळ काही नाही.
मग,
"मग मी येऊन करायचं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी खोकं बंद केलं.

आज चार नंबर अधूनमधून जात होती.
टाकून देऊ म्हटलं, अडीचशेला नवी मिळते.
टॅक्सीत बघते तर ती खोक्यात नाही,
बाबांच्या मांडीवर, सुटी,
आणि ते बोटाबोटानं पुढे सरकतायत,
डोळे मिटून, थोडं वाकवत, थोडं सोडत,
आमची आजी वालाच्या शेंगा दाबून बघायची तसं.
माहीमच्या सिग्नलला बोट थांबलं.
"इथे तुटलीय. आतून. वरून काही कळणार नाही."
"मग?"
"एवढी कापायची. डाग द्यायचा. हातभर आखूड होईल."

कापायचं होतं ते टोक फुलीचं.
त्यांनी ते उलटं करून पाहिलं,
दिव्याखाली धरलं,
टेप नखानं हळूच सोडवायला लागले.
टॅक्सीवाल्यानं रेडिओ मोठा केला.
बाबांनी चांगला कान तिकडे केला
आणि म्हणाले, "याच्याकडे माशी आहे."